ओटो किंकेल्डाय : अमेरिकेतल्या पहिल्या संगीतविद्या-प्राध्यापकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओटो किंकेल्डाय कोण होते?

27 नोव्हेंबर 1878 रोजी न्यूयॉर्क शहरात जन्मलेले ऑर्गनवादक, ग्रंथपाल आणि संशोधक. 1930 साली कॉर्नेल विद्यापीठाने त्यांना 'प्रोफेसर ऑफ म्युझिकॉलॉजी', म्हणजे संगीतविद्येचे प्राध्यापक, नेमलं. अमेरिकेतल्या कुठल्याही विद्यापीठात या नावाचं प्राध्यापकपद तोवर नव्हतं. 1934 मध्ये अमेरिकन म्युझिकॉलॉजिकल सोसायटी स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्षही तेच. 19 सप्टेंबर 1966 रोजी न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी त्यांचं निधन झालं. अठ्ठ्याऐंशी वर्षांचं आयुष्य पुरं व्हायला तेव्हा दोन-सव्वादोन महिने उरले होते.

ओळख एवढीच करून दिली तर ती पदांची यादी होते. मला त्यांच्याविषयी आस्था वाटते ती निराळ्या कारणाने. आयुष्यभर ते दोन खुर्च्यांवर बसले: एक शिक्षकाची, दुसरी ग्रंथपालाची. आणि माझं मत असं की अमेरिकेत हा विषय रुजला तो दुसऱ्या खुर्चीमुळे.

म्युझिकॉलॉजी म्हणजे संगीतशास्त्रच ना?

शब्दकोशात तसंच सापडेल. पण मराठीत 'संगीतशास्त्र' म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते थाट, श्रुती, रागाचे वादी-संवादी, म्हणजे गाणाऱ्याला लागणारं शास्त्र. म्युझिकॉलॉजीत ते येतंच, शिवाय बरंच काही येतं: जुनी हस्तलिखितं वाचणं, त्यांचा काळ ठरवणं, एखादं वाद्य कुठे कसं वाजत होतं ते शोधणं, स्वरलिपी उलगडणं, संगीताचा समाजाशी आणि धर्माशी असलेला संबंध तपासणं. म्हणून मी 'संगीतविद्या' हा शब्द वापरते.

ही विद्या घडली मुख्यतः जर्मन भाषिक विद्यापीठांत. 1885 साली गिडो आडलर यांनी या विद्येची व्याप्ती, पद्धत आणि उद्दिष्ट सांगणारा लेख लिहिला आणि ऐतिहासिक व पद्धतशीर अशा तिच्या दोन मोठ्या शाखा पाडल्या. अमेरिकेत मात्र 'म्युझिकॉलॉजी' हा शब्दच लोकांना कानाला टोचायचा. 1915 च्या जानेवारीत 'म्युझिकल क्वार्टर्ली' हे त्रैमासिक सुरू झालं, तर पहिल्याच अंकात वॉल्डो सेल्डन प्रॅट यांना या शब्दाची आणि विषयाची वकिली करणारा लेख लिहावा लागला. शब्दासाठीच ही गत, तर पगारी पदाची गोष्ट लांबच.

त्याआधी अमेरिकेत संगीताचे प्राध्यापक नव्हते का?

होते की. हार्वर्डने 1875 मध्येच जॉन नोल्स पेन यांना संगीताचं प्राध्यापकपद दिलं. कोलंबिया विद्यापीठात 1896 पासून एडवर्ड मॅकडॉवेल होते. पण हे दोघेही रचनाकार. त्यांच्याकडे विद्यार्थी जायचे ते स्वरमेळ शिकायला, रचना शिकायला, चांगलं संगीत कशाला म्हणावं हे समजून घ्यायला. संगीताचा अभ्यास इतिहास किंवा भाषाशास्त्रासारखा, मूळ कागदपत्रं समोर ठेवून करायचा आणि त्यावर डॉक्टरेट मिळवायची, ही सोय तिथे नव्हती. किंकेल्डाय स्वतः 1900 ते 1902 मॅकडॉवेल यांच्याकडे शिकले. त्याआधी त्यांनी सिटी कॉलेजातून 1898 मध्ये बी.ए. आणि न्यूयॉर्क विद्यापीठातून 1900 मध्ये एम.ए. केलं होतं. पुढचं हवं असेल तर जहाजात बसावं लागे.

मग ते जर्मनीला गेले?

1902 मध्ये, बर्लिनला. आणि परतले तब्बल बारा वर्षांनी.

बर्लिन विद्यापीठात हेर्मान क्रेट्शमार, योहानेस वोल्फ, माक्स फ्रीडलेंडर अशी मंडळी शिकवत होती. वोल्फ म्हणजे जुन्या स्वरलिपींचे त्या काळातले सर्वांत मोठे जाणकार. किंकेल्डाय त्याच वेळी चर्चसंगीताच्या शाही संस्थेत ऑर्गनचं शिक्षण घेत होते आणि बर्लिनमधल्या अमेरिकन चर्चमध्ये ऑर्गन वाजवून गायकवृंदही सांभाळत होते. सकाळी हस्तलिखितं वाचायची आणि रविवारी प्रत्यक्ष वाद्यावर बसायचं! हा दुहेरी रियाज त्यांच्या लेखनात जागोजागी दिसतो. अमुक ओळ दहा बोटांत बसते की नाही, हे त्यांना कुणाला विचारावं लागत नव्हतं.

याच काळात प्रशियाच्या सरकारने त्यांना चर्चच्या ग्रंथसंग्रहांतली जुनी संगीत-हस्तलिखितं धुंडाळून नोंदवायच्या कामाला लावलं. मला हा त्यांच्या आयुष्यातला खरा वळणबिंदू वाटतो. अशा संग्रहांत काम केलेल्यांना ठाऊक असेल, कित्येकदा आत काय आहे ते तिथल्या लोकांनाही माहीत नसतं. एका चार आवाजी रचनेच्या चार वेगवेगळ्या वह्या, त्यातली एक गहाळ. मुखपृष्ठ फाटलेलं. रचनाकाराचं नाव नाही. अशा वेळी नोंद करणारा माणूस जे लिहील, त्यावर पुढची पन्नास वर्षं संशोधक भरवसा ठेवणार असतात. ही जबाबदारी त्यांनी ऐन तरुणपणी अंगावर घेतली आणि आयुष्यभर ती खाली ठेवली नाही.

1909 मध्ये डॉक्टरेट झाली. लगेच ब्रेस्लाऊ विद्यापीठात (आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) ऑर्गन आणि संगीताची उपपत्ती शिकवायचं काम मिळालं, सोबत तिथल्या ग्रंथालयाची जबाबदारी. म्हणजे दोन खुर्च्या तिथूनच सुरू झाल्या. 1910 मध्ये 'रॉयल प्रशियन प्रोफेसर' ही पदवी मिळाली. परदेशातून आलेल्या एकतिशीच्या माणसाला असा मान मिळणं ही साधी गोष्ट नव्हती.

त्यांच्या गाजलेल्या पुस्तकात आहे तरी काय?

'ऑर्गेल उंड क्लाव्हियर इन डेअर म्युझिक डेस 16. यारहुंडर्ट्स' हे पुस्तक 1910 साली लाइपझिगहून निघालं. सोळाव्या शतकातल्या संगीतात ऑर्गन आणि पट्टीवाद्यं (हार्प्सिकॉर्डसारखी पट्ट्या दाबून वाजवायची वाद्यं) काय करत होती, हा त्याचा विषय. इथे जरा थांबून सांगते.

सोळावं शतक म्हटलं की युरोपीय संगीताचा इतिहास लिहिणारे गायनाविषयीच लिहायचे. चार-पाच आवाजांचं चर्चसंगीत, माद्रिगाल (कवितांवर रचलेली इटालियन गाणी) वगैरे. वाद्यं होतीच, पण त्यांचा पुरावा वाचायला कठीण. कारण वाजवणारे नेहमीच्या पाच रेघांवर लिहीत नसत. ते टॅब्लेचर वापरत, म्हणजे अक्षरांनी किंवा आकड्यांनी लिहायची वादकांची स्वरलिपी, आणि ते देशोदेशी वेगळं.

जर्मन ऑर्गनवादकांचं बघा. जुन्या पद्धतीत सगळ्यांत वरचा आवाज रेघांवर टिंबांनी लिहिलेला आणि त्याखालचे आवाज नुसत्या अक्षरांनी. लाइपझिगचे ऑर्गनवादक आमरबाख यांच्या 1571 च्या छापील पुस्तकात रेघाच गेल्या, सगळेच आवाज अक्षरांत आले. पानावर आडव्या ओळींत a, c, d, f अशी बारीक अक्षरं. B म्हणजे कोमल आणि h म्हणजे शुद्ध स्वर. सप्तक कोणतं ते अक्षराच्या डोक्यावरच्या रेघेने कळायचं. स्वर किती वेळ धरायचा ते अक्षराच्या वर उभ्या काडीने दाखवायचं. काडीला शेपट्या वाढत गेल्या की स्वर तोकडा. द्रुत स्वर सलग आले की त्या शेपट्या एकमेकींना जोडून वर बारीक कुंपण घातल्यासारखं दिसतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे संगीत वाटतच नाही, कुणाची तरी सांकेतिक वही वाटते. स्पेनमध्ये पुन्हा निराळं: 1557 च्या व्हेनेगास दे एनेस्त्रोसा यांच्या संग्रहात आकडे आहेत, 1 ते 7, एका आवाजाला एक रेघ. आपण सरगम अक्षरांत लिहितो, त्यामुळे मराठी वाचकाला यातलं तत्त्व पटकन समजेल. बारकावे कळायला मात्र डोळे तयार करावे लागतात.

किंकेल्डाय यांनी हा सगळा पसारा एकत्र आणला. टॅब्लेचरांच्या जोडीला त्यांनी वादनावर लिहिणाऱ्या जुन्या ग्रंथकारांनाही बोलतं केलं, विशेषतः बेर्मुदो आणि सांता मारिया या स्पॅनिश लेखकांना. बोटं कशी ठेवावीत, गायनाची रचना ऑर्गनवर कशी उतरवावी, सजावटीचे स्वर कुठे भरावेत, हे त्या लेखकांनी सांगून ठेवलं होतं. ऐकणारं कुणी नव्हतं.

पुस्तकातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग साथीचा आहे. बासो कॉन्तिनुओ, म्हणजे खालच्या स्वरांची एकच ओळ समोर ठेवून वादकाने त्यावर वरचे स्वर भरत जायचे, ही बारोक संगीताची ओळखखूण. तिचा जन्म 1600 च्या सुमारास एकदम झाला, व्हियादाना या इटालियन रचनाकाराच्या 1602 च्या संग्रहापासून, असं सांगण्याची सवय होती. किंकेल्डाय यांनी दाखवलं की चर्चमधले ऑर्गनवादक त्याआधीपासूनच गायकांना सांभाळायला असं वाजवत होते आणि 1590 च्या दशकात त्यांच्यासाठी बासच्या ओळी छापल्याही जात होत्या. काम करणाऱ्यांच्या हातात पद्धत आधी आली, सिद्धान्त आणि नाव नंतर.

फेराराच्या गायिकांचा त्यांच्याशी काय संबंध?

1908 मध्ये, डॉक्टरेटच्याही आधी, त्यांनी लुझास्को लुझास्की यांच्या माद्रिगालांवर एक लेख लिहिला. इटलीत फेराराच्या दरबारात 1580 च्या दशकात लॉरा पेवेरारा, लिव्हिया दार्को, अॅना ग्वारिनी अशा गायिकांचा एक वृंद होता. ड्यूक त्यांचं गाणं निवडक पाहुण्यांनाच ऐकवायचा, आणि ते संगीत बाहेर जाऊ नये याची काळजी घ्यायचा. लुझास्की त्यांचे वादक आणि रचनाकार. ड्यूक वारला, दरबार मोडला, तेव्हा कुठे 1601 मध्ये रोमला ते संगीत छापलं गेलं.

त्या छापील पुस्तकात दोन दुर्मीळ गोष्टी आहेत. गायिकांच्या ताना एकेका स्वरानिशी लिहिलेल्या आहेत. आणि खालची पट्टीवाद्याची साथसुद्धा पूर्ण लिहिलेली आहे, वादकाच्या मर्जीवर सोडलेली नाही. एरवी साथीचं संगीत हवेत विरून जातं. इथे ते कागदावर राहिलं होतं, आणि त्याचं महत्त्व तिशीला टेकलेल्या एका अमेरिकन विद्यार्थ्याच्या नेमकं लक्षात आलं.

1914 मध्ये ते परत का आले?

महायुद्धामुळे. ब्रेस्लाऊतलं बस्तान मोडून ते न्यूयॉर्कला आले आणि 1915 मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या संगीत विभागाचे प्रमुख झाले. 1917 मध्ये अमेरिका युद्धात उतरल्यावर सैन्याच्या पायदळात दाखल झाले आणि 1919 पर्यंत राहिले. ज्या देशाने त्यांना प्राध्यापक केलं, त्याच्याच विरुद्धच्या सैन्यात.

पब्लिक लायब्ररीत त्यांनी काय केलं?

हा प्रश्न लोक जाता जाता विचारतात, पण उत्तर इथेच दडलं आहे असं मला वाटतं.

42व्या रस्त्यावरची ती दगडी सिंहांची इमारत 1911 मध्ये उघडली होती. तिथे जोसेफ ड्रेक्सेल या बँकरने जमवलेला जुन्या संगीतग्रंथांचा मोठा संग्रह होता. कुणीही आत यावं, पुस्तक मागावं, वाचावं. विद्यापीठाचं ओळखपत्र लागत नव्हतं. अमेरिकेत संगीत-संशोधकांना घर मिळालं ते अशा ग्रंथालयांत. वॉशिंग्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ऑस्कर सॉनेक यांनी 1902 पासून संगीत विभाग उभा केला होता, आणि 'म्युझिकल क्वार्टर्ली'चे पहिले संपादकही तेच. विद्यापीठं दार उघडायला तयार नव्हती तेव्हा ही माणसं कार्डं लिहीत होती, युरोपातून पुस्तकं मागवत होती, येणाऱ्याला योग्य पानापर्यंत नेत होती.

किंकेल्डाय यांच्या तिथल्या दिवसांची एक सुंदर खूण म्हणजे 1929 चा त्यांचा लेख, पंधराव्या शतकातल्या ग्विल्येल्मो एब्रेओ या ज्यू नृत्यगुरूवर. ग्विल्येल्मोने 1463 मध्ये नृत्यकलेवर ग्रंथ लिहिला. तो लेख आला त्याच लायब्ररीच्या ज्यू विभागाचे प्रमुख फ्रायडस यांच्या स्मृतिग्रंथात. सहकाऱ्याला श्रद्धांजली वाहायची तर त्याच्या विभागाला आणि आपल्या विभागाला जोडणारा विषय निवडायचा. ग्रंथालयात काम केलेल्या माणसालाच हे सुचेल.

कॉर्नेलला ते दोनदा गेले असं वाचलं, ते कसं?

1923 मध्ये संगीत विभागाचे प्रमुख म्हणून गेले, 1927 मध्ये न्यूयॉर्कच्या लायब्ररीत परतले. 1930 मध्ये कॉर्नेलने पुन्हा बोलावलं, या वेळी दोन जबाबदाऱ्या देऊन: संगीतविद्येचे प्राध्यापक आणि संपूर्ण विद्यापीठाचे ग्रंथपाल. 1946 मध्ये निवृत्त होईपर्यंत दोन्ही सांभाळल्या.

म्हणजे अमेरिकेतलं हे पहिलं प्राध्यापकपद ग्रंथपालाच्या खुर्चीला जोडून आलं. हे मला योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. कॉर्नेल ज्या इथाका गावी आहे तिथल्या टेकडीवर ग्रंथालयाला लागून 173 फुटांचा घंटांचा मनोरा आहे आणि त्या घंटा माणसं हातांनी वाजवतात. जुन्या पट्टीवाद्यांवर आयुष्य घालवलेला माणूस सोळा वर्षं त्या मनोऱ्याच्या पायथ्याशी साऱ्या विद्यापीठाची पुस्तकं सांभाळत बसला होता.

त्यांचे विद्यार्थी कोण?

दोन नावं पुरेत.

जे. मरे बार्बर यांनी 1932 मध्ये कॉर्नेलमधून डॉक्टरेट केली. अमेरिकन विद्यापीठाने दिलेली संगीतविद्येतली ही पहिली पीएच.डी. मानली जाते. विषय होता समान अंतराच्या स्वरजुळणीचा इतिहास, 1482 ते 1737. सप्तकाचे बारा सारखे भाग करायचे, म्हणजे कुठलीही पट्टी सारखीच वाजते, पण जवळजवळ प्रत्येक स्वर आपल्या नैसर्गिक जागेवरून किंचित सरकतो. पेटीच्या सुरांवरून आपल्याकडे जो वाद झाला तो ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या विषयाचं मर्म वेगळं सांगायला नको.

दुसरे पॉल हेन्री लँग. बुडापेस्टचे, पॅरिसहून अमेरिकेत आलेले, 1934 मध्ये कॉर्नेलचे पीएच.डी. पुढे कोलंबिया विद्यापीठात ते मोठे प्राध्यापक झाले, 1941 मध्ये पाश्चात्त्य संस्कृतीतल्या संगीतावरचा त्यांचा भलाथोरला ग्रंथ आला, आणि 1945 पासून 1973 पर्यंत त्यांनी 'म्युझिकल क्वार्टर्ली' चालवलं.

अमेरिकन म्युझिकॉलॉजिकल सोसायटी त्यांनीच स्थापन केली का?

पहिले अध्यक्ष ते, पण संस्थापकांच्या नऊ नावांत ते नाहीत. 3 जून 1934 रोजी जमलेल्या त्या नऊ जणांत चार्ल्स सीगर, कार्ल एंगल, गुस्ताव रीस, ऑलिव्हर स्ट्रंक, जोसेफ यासर, हेलन रॉबर्ट्स वगैरे होते. अध्यक्ष निवडायची वेळ आली तेव्हा किंकेल्डाय यांचं नाव पुढे आलं. 1941-42 मध्ये ते पुन्हा अध्यक्ष झाले.

या संस्थेची मुळं 1930 च्या न्यूयॉर्क म्युझिकॉलॉजिकल सोसायटीत आहेत, आणि तिच्या जन्माची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ब्लँश वॉल्टन या बाईंच्या घरी सभा भरली. रूथ क्रॉफर्ड ही असामान्य रचनाकार त्याच घरात राहत होती. तिला आत येऊ दिलं नाही. तिला दाराबाहेर राहून ऐकावं लागलं. संगीत म्हणजे बायकांच्या मंडळांचा उद्योग अशी समजूत होती, नव्या विद्येला तो शिक्का नको, असं कारण सीगर यांनी नंतर दिलं. याच सीगर यांच्याशी तिने 1932 मध्ये लग्न केलं. 1934 मध्ये संस्थापकांत हेलन रॉबर्ट्स यांचं नाव आलं हे खरं, पण त्याने ते बंद दार पुसलं जात नाही. नवी विद्या प्रतिष्ठा मिळवताना कुणाला बाहेर ठेवते, हे तिच्या इतिहासात लिहिलंच पाहिजे.

मोठं पुस्तक एकच, मग एवढं नाव का?

हा आक्षेप रास्त आहे. 1910 च्या तोडीचा दुसरा ग्रंथ त्यांनी लिहिला नाही. 1914 मध्ये एर्लेबाख या जर्मन रचनाकाराच्या गीतांची संपादित आवृत्ती, पंधराव्या शतकातल्या छापील पुस्तकांमधल्या संगीतावर एक लेख, जुन्या नृत्यांच्या चालींवर एक, बाकी लहानमोठं. आजच्या हिशेबात एखादी निवड समिती त्यांना परतही पाठवील.

मला मात्र वाटतं की त्यांचं उरलेलं लेखन दुसऱ्यांच्या पुस्तकांत आहे. योग्य पुस्तक वेळेवर मागवलेलं असणं, त्याची नोंद बरोबर असणं, आणि दारात आलेल्याला 'हे नको, ते बघ' असं सांगणारा माणूस तिथे असणं: यातून किती प्रबंध उभे राहतात हे मोजायची रीत नाही. त्यांच्या समकालीनांना ते कळत होतं. 1933 नंतर आल्फ्रेड आइनस्टाइन, कुर्ट झाक्स, मानफ्रेड बुकोफ्त्सर असे संगीतविद्येतले दिग्गज नाझींपासून जीव वाचवून अमेरिकेत येऊ लागले. त्यांना सामावून घ्यायला एक संस्था, काही ग्रंथालयं आणि ही विद्या ओळखणारी विद्यापीठं तयार होती, ती या आधीच्या पिढीमुळे.

निवृत्तीनंतर?

थांबले नाहीत. हार्वर्ड, टेक्सस, प्रिन्स्टन, इलिनॉय, बर्कली अशा ठिकाणी पाहुणे प्राध्यापक म्हणून शिकवत फिरले, सत्तरी उलटल्यावरही. त्यांना ऐंशी वर्षं झाल्याबद्दल सोसायटीने आपल्या नियतकालिकाचा 1960 चा खंड त्यांना अर्पण केला. त्यांच्या नावाचा ओटो किंकेल्डाय पुरस्कार 1967 पासून उत्कृष्ट ग्रंथाला दिला जातो, आणि पहिल्या वर्षी तो मिळाला कॉर्नेलच्याच विल्यम ऑस्टिन यांना, विसाव्या शतकातल्या संगीतावरच्या ग्रंथासाठी.

जर्मन येत नाही. त्यांच्या कामाची चव कशी घेऊ?

ऐकून. लुझास्कीची 1601 ची माद्रिगालं ध्वनिमुद्रित झालेली आहेत, सहज मिळतात. 'ओ प्रिमावेरा' हे एका आवाजाचं गाणं लावा. पहिल्यांदा फक्त गायिकेकडे लक्ष द्या: सूर सरळ धरलेला, मग शब्दाच्या शेवटी एकदम गळा मोकळा सुटतो आणि तान खाली ओघळत येते. मग पुन्हा लावा आणि या वेळी कान हार्प्सिकॉर्डवर ठेवा. वादक तीच चाल वाजवतो आहे, पण साधी, ताना वगळून. गायिका तान घेऊन फिरून येईपर्यंत तो सूर धरून बसलेला असतो. बैठकीत पेटीवाल्याला हे करताना आपण किती वेळा पाहिलं आहे! लुझास्की यांनी ते लिहून ठेवलं, आणि तीनशे वर्षांनी बर्लिनमध्ये बसून किंकेल्डाय यांनी ते वाचून काढलं.